कुडाची फुलं की कुड्याची?

प्रश्न असा : ‘कुडाची फुलं’ म्हणावं की ‘कुड्याची’? आणि पांढरा कुडा, काळा कुडा, कुटज, इंद्रजव ही सगळी एकाच झाडाची नावं का?

झाड ‘कुडा’, म्हणून कुड्याची फुलं, कुड्याच्या शेंगा. घोडा-घोड्याचा, तसंच हे. दोन्ही शब्दांची घडणही सारखी आहे : संस्कृत घोटकाचा घोडा झाला, कुटजाचा कुडा. ‘कुडाची’ हे रूप ‘कूड’ या शब्दाचं. कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने लिंपतात तो कूड. तेव्हा कुडाची भिंत असते, भाजी मात्र कुड्याच्या शेंगांची.

इंद्रजव हे मुळात झाडाचं नाव नाही. अमरकोशात कुटज, शक्र, वत्सक, गिरिमल्लिका ही झाडाची नावं दिली आहेत आणि इंद्रयव हे फळाचं. बी जवासारखं लांबट, म्हणून ‘यव’. बोलताना आपण झाडालाही इंद्रजव म्हणतो, ते चालतं. पण रोप मागताना त्याने घोटाळा होतो, कारण कडू इंद्रजव पांढऱ्या कुड्याचे आणि गोडे इंद्रजव काळ्या कुड्याचे.

ही दोन वेगळी झाडं आहेत. रंगाच्या नावावर जाऊ नका, फुलं दोघांचीही पांढरीच! दोघांनाही चीक येतो, पानं समोरासमोर असतात, शेंगा जोडीने लागतात. फूल हातात घेतलं की फरक कळतो. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झिरमिळ्यांची झालर असते आणि परागकोशांचा सुळका बाहेर डोकावतो. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नसते, परागकोश नळीत लपलेले असतात. फुलं नसतील तर शेंगा पाहा : पांढऱ्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात. काळ्याच्या पानांपासून निळा रंग काढत, आणि त्याच्याच पांढऱ्या, बारीक पोताच्या लाकडाची कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी होतात.

मेघदूतातला यक्ष आषाढात मेघाला कुटजाच्या ताज्या फुलांचं अर्घ्य देतो. काळा कुडा साधारण मार्च ते मे फुलतो, पांढऱ्याचा बहर पावसापर्यंत लांबतो. म्हणून मेघदूतातला कुटज पांढरा कुडाच धरावा.

बागेसाठी सुवासिक फुलं हवी असतील तर ‘पांढरा कुडा, कडू इंद्रजवाचा’ असं सांगून रोप मागा. त्याला मुळांपासून फुटवे येतात, ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर एका झाडाची जाळी होते.