केआय-६७ चे दोन वेगळे आकडे, खरा कुठला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझ्या मोठ्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय. बायोप्सीच्या रिपोर्टमधे केआय-६७ २८ टक्के होतं, ऑपरेशननंतर गाठीचा रिपोर्ट आला त्यात १८ टक्के लिहिलंय. ईआर-पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशींची वाढ चालवणारं एक प्रोटीन) निगेटिव्ह, काखेतल्या गाठी क्लिअर, म्हणजे तिथे कॅन्सर नाही. नेटवर वाचलं की २० च्या वर असेल तर आजार परत येतो. आता कुठला आकडा धरायचा? लॅबने घोळ घातला का?

उत्तर: ताई, घोळ असेलच असं नाही, आणि २० च्या वर म्हणजे परत येतोच हे तर आधी डोक्यातून काढा. केआय-६७ हे पेशीच्या केंद्रकातलं प्रोटीन आहे, पेशी विभाजनाच्या चक्रात असली की ते दिसतं, निवांत असली की दिसत नाही, बस. १९८३ पासून आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांच्या हातात आहे. गाठीचा पातळ काप स्टेन केला की अशा पेशींची केंद्रकं तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात, मग कॅन्सरच्या शंभर पेशींत तपकिरी किती ते मोजायचं. सांगायला सोपं, पण मायक्रोस्कोपला डोळा लावला की कळतं, एका कोपऱ्यात तपकिरीची नुसती गर्दी, स्लाइड जरा सरकवली की सगळं निळंच, आता मोजायचं कुठलं? त्यात फिकट तपकिरी धरायचं की सोडायचं यावर दोन पॅथॉलॉजिस्टचं जमत नाही, मधेच लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, तपकिरी होऊन बसलेल्या असतात त्या चुकून मोजल्या तर आकडा फुगतो, आणि गाठ फॉर्मलिनमधे, म्हणजे तुकडा टिकवायच्या द्रवात, उशिरा पडली तर आकडा उतरतो. बायोप्सीचा तुकडा छोटा, लगेच फॉर्मलिनमधे जातो, ऑपरेशनची गाठ मोठी, आत फॉर्मलिन पोचायला वेळ लागतो. त्यामुळे २८ आणि १८ हा फरक आम्हाला काही धक्कादायक वाटत नाही.

२० चं म्हणाल तर २०११ मधे सेंट गॅलनच्या ब्रेस्ट कॅन्सर परिषदेतल्या तज्ज्ञांनी १४ टक्क्यांची रेघ धरली होती, २०१३ मधे बहुतेकांचं मत २० कडे झुकलं. आजार तोच, रेघच हलली. आता या विषयावरचा आंतरराष्ट्रीय गट म्हणतो की तुमच्या बहिणीसारख्या सुरुवातीच्या, ईआर पॉझिटिव्ह हर-टू निगेटिव्ह आजारात ५ किंवा कमी आणि ३० किंवा जास्त, या दोन टोकांवरच भरवसा ठेवा. तुमचे दोन्ही आकडे मधलेच आहेत, म्हणून त्यातला खरा कुठला यावर रात्र जागवू नका.

माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधल्या बाकीच्या ओळी जास्त बोलतात. ईआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनच्या गोळ्या लागू पडायची चांगली शक्यता, काख क्लिअर ही तर मोठी जमेची बाजू. गाठीची साइज आणि ग्रेड (पेशी नेहमीपेक्षा किती बिघडलेल्या दिसतात) तुम्ही लिहिलेली नाही, ती बघा, कारण ग्रेड ठरवताना विभाजन होत असलेल्या पेशी मोजतातच, म्हणजे वाढीचा वेग तिथेही आलाच. केमो द्यायची की नाही यावर अडलं असेल तर २१ जीन्सच्या टेस्टबद्दल ऑन्कोलॉजिस्टना विचारा, त्यात केआय-६७ धरून वाढीशी संबंधित ५ जीन्स असतात. याच टेस्टवरच्या २०१८ च्या टेलरएक्स अभ्यासात काख क्लिअर असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि टेस्टचा स्कोअर २५ पर्यंत असलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्यांच्या जोडीला केमो देऊन वेगळा फायदा दिसला नाही. पन्नाशीच्या आतल्या असतील तर १६ ते २५ स्कोअरला थोडा फायदा दिसला होता, तेव्हा वयही सांगा.

प्रश्न: आईचा ब्रेस्ट कॅन्सर ट्रिपल निगेटिव्ह आहे, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह, केआय-६७ ७० टक्के. ऑपरेशन न करता आधी केमो म्हणतायत. म्हणजे हाताबाहेर गेलंय का?

उत्तर: नाही हो. ट्रिपल निगेटिव्हमधे आकडा बहुतेक वेळा जास्तच असतो आणि आधी केमो देणं ही नेहमीची पद्धत आहे. भराभर वाढणारा आजार भयंकर वाटतो हे खरं, पण केमो अशाच पेशींवर जास्त चालते. केमोनंतर ऑपरेशनमधे काढलेल्या भागात आणि काखेत कॅन्सर शिल्लक आहे का, हे आईच्या पुढच्या वाटचालीबद्दल आत्ताच्या ७० पेक्षा बरंच जास्त सांगेल. तो रिपोर्ट नीट जपून ठेवा, शिल्लक असेल तर पुढचं औषध त्यावर ठरतं.

प्रश्न: केआय-६७ दर तीन महिन्यांनी रक्तातून बघता येईल का?

उत्तर: नाही, त्याला गाठीचा तुकडाच लागतो. सीए १५-३ या ब्रेस्ट कॅन्सरच्या मार्करची रक्ततपासणी वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.