सीआयएने कैद्यांचा छळ केल्याचं खुद्द ओबामांनी कबूल केलं, तरी शिक्षा कुणालाच का झाली नाही?

कारण छळाआधी कागद तयार होता.

आपल्याकडची 'थर्ड डिग्री' लेखी परवानगी मागत नाही. अमेरिकेत मात्र आधी वकिलांचं मत घेतलं गेलं. 1 ऑगस्ट 2002 रोजी न्याय खात्यातले वकील बायबी यांच्या सहीने दोन टिपणं निघाली. एकात छळाची व्याख्याच आवळली: अवयव निकामी होताना किंवा मरताना होतात तितक्या वेदना नसतील, तर तो शारीरिक छळच नव्हे. दुसऱ्यात, अल-कायदाशी संबंधाच्या संशयावरून पकडलेल्या अबू झुबैदा या कैद्याला काय काय करता येईल याची यादी. लहान खोक्यात कोंडायचं तर दोन तासांपर्यंत. त्याला किड्यांची भीती वाटते, तर खोक्यात एखादा किडा सोडायलाही हरकत नाही, फक्त तो निरुपद्रवी असावा, उदाहरणार्थ, सुरवंट. सरकारी वकील सुरवंटावर कायदेशीर अभिप्राय देतोय! तो सुरवंट शेवटी सोडलाच नाही. पण त्याच महिन्यात त्या माणसाला फळीवर बांधून, तोंडावर फडकं टाकून 83 वेळा पाणी ओतलं.

पुढची टोलवाटोलवी या कागदामुळेच जमली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना विचारलं तर म्हणाले, वकिलांनीच कायदेशीर ठरवलं होतं. 2009 मध्ये ओबामांच्या नव्या सरकारने जाहीर केलं की त्या सल्ल्याच्या चौकटीत राहून काम केलेल्यांवर खटले नाहीत. म्हणजे ज्या सल्ल्याची चौकशी व्हायला हवी होती, तोच चिलखत झाला. आणि सही करणारे बायबी? ते 2003 पासून अपील कोर्टात न्यायाधीश.

पुरावाही राहिला नाही. नोव्हेंबर 2005 मध्ये बुश पनामात 'आम्ही छळ करत नाही' म्हणाले. त्याच महिन्यात सीआयएने चौकशीच्या 92 व्हिडिओ टेप नष्ट केल्या. त्याबद्दलही कुणावर खटला झाला नाही.

'कुणालाच नाही' हे मात्र पूर्ण खरं नाही. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातल्या छळाच्या फोटोंत दिसलेले साधे अमेरिकी शिपाई तुरुंगात गेले. त्यांच्याकडे वकिलाचा कागद नव्हता.

राहिली ओबामांची कबुली. 'आपण काही लोकांचा छळ केला' हे त्यांचं वाक्य ऑगस्ट 2014 चं. कैद्यांच्या मृत्यूंची शेवटची फौजदारी चौकशी ऑगस्ट 2012 मध्येच, एकही आरोप न ठेवता, बंद झाली होती.