मिशिगनला येताना बंदुकीबद्दल एवढं माहीत असू द्या

ताई, यजमानांच्या एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर दोन मुलांना घेऊन जळगावहून अमेरिकेत डेट्रॉइटजवळ यायचं तुमचं ठरतंय, तिकडे घराघरात बंदुका म्हणून सासूबाई घाबरल्यात, आणि संरक्षणासाठी आपणही एक घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. मी मूळची अमळनेरची, मुलं इथेच वाढवली, म्हणून सविस्तर लिहिते.

घेऊ नका. एच-वन-बी किंवा त्यावर येणाऱ्या बायकोमुलांचा एच-फोर अशा तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडा. ऑफिसातले मित्र हौसेनं शूटिंग रेंजवर नेतात, तिथेही यजमानांना हात लावू देऊ नका. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर नियम बदलतो.

आता शेजाऱ्यांचं. आपल्याकडे बंदुकीसाठी जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो, तोही कारण पटवून दिल्यावर. इथे तो १७९१ पासून घटनेनं दिलेला हक्क आहे. खानदेशात पेपरात वाचतो तो सातपुड्यापलीकडच्या उमर्टीहून आलेला गावठी कट्टा, त्यामुळे बंदूक म्हटली की गुंडच डोळ्यासमोर येतो. इथे १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, बापलेक नारिंगी जाकिटं घालून रानात जातात आणि ते मांस हिवाळाभर खातात. अशा माणसांना घाबरू नका, त्यांचा हक्क काढून घ्यावा असंही मला वाटत नाही.

भीती आहे ती उघड्यावर पडलेल्या बंदुकीची. ३० नोव्हेंबर २०२१ ला इथल्याच ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात १५ वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापानं चारच दिवसांपूर्वी घेतलेलं होतं. २०२४ मध्ये आईबाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगवास झाला. त्याच वर्षी १३ फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये नवे कायदे लागू झाले. घरात लहान मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवायची, नाहीतर गोळ्या काढून तिलाच कुलूप लावायचं. कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय असं दिसलं, तर घरचे, डॉक्टर किंवा पोलिस न्यायालयाकडून त्याची बंदूक काही काळ काढून घेऊ शकतात. मालकाला न्यायाधीशापुढे बाजू मांडता येते, आणि खोटी तक्रार करणं हाही गुन्हा आहे. मला ही रीत न्याय्य वाटते: शिकाऱ्याचं काही जात नाही, पोरांचा जीव वाचतो.

अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. आपण कापूसवाल्या मुलखातले, फवारणीचं औषध हाताशी असलं की एका वाईट रात्रीत काय होतं हे आपण पाहिलंय. कुलपामुळे ती रात्र टळू शकते.

म्हणून मुलं कुणाकडे खेळायला जाणार असतील तर आधी फोनवर विचारा, ‘घरात बंदूक आहे का? कुलपात असते ना?’ आपल्याला हे विचारणं आगाऊपणाचं वाटतं, पण मी दरवेळी विचारलं आणि कुणी रागावलं नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर मुलांना आपल्याकडेच खेळायला बोलवा. कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, म्हणून शाळेत दारं लावून, दिवे मालवून गप्प बसायचा सराव होतो. त्याबद्दल धाकट्याला निघण्यापूर्वी तुम्हीच समजावून सांगा, पहिल्यांदा शाळेतच कळलं तर मूल घाबरतं.