मुलीला ॲस्ट्रोफिजिक्स करायचंय, पण आता शोधायचं उरलंय काय?

तुमची मुलगी बारावीला आहे, ॲस्ट्रोफिजिक्सच करायचं म्हणून हटून बसलीय. तुम्ही विचारताय की कृष्णविवराचा फोटोसुद्धा निघाला, मग आता शोधायचं काय उरलंय, आणि मुंबईत राहून हे जमेल का. आमच्या दादानेही १९८१ साली मला हेच विचारलं होतं. मी उत्तर द्यायच्या आत त्याने रेल्वेचा फॉर्म पुढे केला.

उरलंय म्हणाल तर बहुतेक सगळंच. विश्वात जे काही आहे त्यातलं जेमतेम ५ टक्के आपल्या ओळखीचं. बाकीच्याला डार्क मॅटर, डार्क एनर्जी अशी नावं ठेवून आपण मोकळे झालोय. विश्व किती वेगाने फुगतंय याचा आकडा एका पद्धतीने ६७ येतो, दुसरीने ७३, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या आकड्यावर ठाम आहेत. हे तुमच्या मुलीला पाठ असणार. मला पल्सारबद्दल, म्हणजे घड्याळासारखे ठोके देणाऱ्या मेलेल्या ताऱ्यांबद्दल बोलायचंय, कारण तो माझ्या नोकरीचा विषय आहे. हसू नका.

मी लोकलच्या कंट्रोलमध्ये बावीस वर्षं काढली. प्रत्येक गाडीची रेघ चार्टवर पेन्सिलीने ओढायची, आणि गाडी लेट झाली की ती मिनिटं कुणाच्या खात्यावर टाकायची ते ठरवायचं. सिग्नलच्या, इंजिनिअरिंगच्या, की साखळी ओढणाऱ्याच्या. प्रत्येक मिनिटाला बाप लागतो. नव्वदच्या आसपास एका संध्याकाळी सगळ्या गाड्या लेट लागायला लागल्या. पाऊस नाही, ब्लॉक नाही. साहेबांनी मोटरमनच्या नावाने लिहून टाकायला सांगितलं. मी चार्ट बघत बसलो. पहिल्या केबिनला दोन मिनिटं लेट, शेवटच्या स्टेशनालाही दोनच. स्लो असो की फास्ट, दोनच. मोटरमन रेंगाळला असता तर लेट वाढत गेला असता, आणि सगळेच्या सगळे मोटरमन नेमके दोनच मिनिटं रेंगाळतील कसे? रोज चार वाजता कंट्रोलकडून वेळ दिली जायची आणि स्टेशनं आपली घड्याळं त्यावर लावायची. त्या दिवशी देणाराच दोन मिनिटं पुढे होता. म्हणजे गाड्या वेळेवर, घड्याळं चूक. साहेब म्हणाले, “तुला चुका काढायची हौस आहे.” माझ्या बढतीला पुढे तीन वर्षं लागली, असो.

आता पल्सार. मेलेल्या ताऱ्याचा गाभा, गरगर फिरणारा, दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका. सगळ्यात नेमके ते मिलिसेकंद पल्सार, एक फेरी काही हजारांश सेकंदात पुरी करणारे. त्यातला पहिला १९८२ मध्ये सापडला, सेकंदाला ६४२ फेऱ्या. शोधणाऱ्यांत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. असे वीस-पंचवीस पल्सार वर्षानुवर्षं मोजायचे आणि ठोका लवकर आला की उशिरा, तो फरक कुणाच्या खात्यावर टाकायचा ते ठरवायचं. आमचंच काम, फक्त मिनिटांच्या जागी नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. सगळेच पल्सार सारखे लेट असतील तर घड्याळ चुकलंय. आकाशाच्या एका बाजूचे लेट आणि समोरच्या बाजूचे तेवढेच लवकर, तर पृथ्वीची जागा धरण्यात चूक आहे. गुरूचं वस्तुमान जरा इकडेतिकडे धरलं तरी असं होतं. आणि शेजारचे दोन एकसारखे, काटकोनातले उलट, समोरासमोरचे पुन्हा थोडे सारखे, असा नमुना निघाला तर खुद्द अवकाशच हलतंय. ती गुरुत्वीय लहर. हा नमुना कागदावर १९८३ मध्येच मांडलेला होता.

२०२३ च्या जूनमध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन, सगळ्यांनी एकदमच सांगितलं की तसा नमुना दिसू लागलाय. युरोपवाल्यांबरोबर आपला भारत-जपानचा गट होता, नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरचा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. वाटेतले इलेक्ट्रॉन कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींना जास्त अडवतात, आणि खोडदची दुर्बीण नेमकी तिथेच तरबेज, म्हणून वाटेतला उशीर वेगळा काढता येतो. पण लहरी येतात कुठून? प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरतायत म्हणून, की विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं काही? ते ठरलेलं नाही. तुमच्या मुलीला एवढा एक प्रश्न जन्माला पुरेल.

त्या वर्षी गणपतीत दादाकडे मी हे सगळं सांगितलं. तो मोदक खात म्हणाला, “पंचवीस वर्षं मोजून ‘बहुधा’ म्हणतात?” मी म्हटलं, अरे, आमचे साहेब पाच मिनिटांत ‘नक्की’ म्हणायचे. वहिनीने विषय बदलला. माझं मत विचाराल तर मुलीला अडवू नका. अडवलेला माणूस पन्नास वर्षांनी गणपतीत भांडतो.

एक मात्र सांगायला हवं. मी रेल्वेत लागलो आणि वर्षभरात गिरणी संप सुरू झाला. दादाची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. दोन वर्षं घर माझ्या पगारावर चाललं. तेव्हा एमएस्सी करत बसलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी सहसा करत नाही. तुमच्या घरी तशी वेळ नसेल असं धरून लिहितोय. आणि नोकऱ्या थोड्या आहेत, पीएचडी होईपर्यंत तिशी उजाडते, हेही खरंच.

मुंबईचं थोडक्यात: कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटांची मूलभूत संशोधन संस्था आहे. कलिन्याला पाच वर्षांची सलग एमएस्सी आहे, त्याला नेस्ट ही प्रवेश परीक्षा लागते. पण आज ना उद्या पुणं गाठावं लागेल, एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या दोन्ही संस्था तिथेच. आधी २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनानिमित्त खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते, तेव्हा तिला घेऊन जा. कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाटा, तिथून नारायणगाव. दादालाही यंदा चल म्हटलंय. म्हणतो, गुडघे दुखतात, पण गाडी किती वाजता आहे?