वडील अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत, आता घरी आणणार आहोत. एअर मॅट्रेस घेतली की बेडसोअरची काळजी मिटेल ना?

मिटणार नाही. गादी जरूर घ्या, पण कूस तुम्हालाच बदलावी लागेल. मी नर्स आहे. वॉर्ड, आयसीयू आणि आता घरोघरची शुश्रूषा, सगळीकडे भारी गादीच्या भरवशावर राहिलेले नातेवाईक पाहते.

हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेंगरलं की तिथलं रक्त थांबतं आणि जखम होते, तोच बेडसोअर. पुष्कळदा जखम आत हाडालगत सुरू होते आणि वर नंतर दिसते. साधारण दर दोन तासांनी कूस बदला. मात्र पूर्ण आडवं एका कुशीवर नको, खुब्याचं हाड टेकतं. पाठीमागे उशी लावून ३० अंशांत कलतं ठेवा आणि माकडहाडाखाली पंजा सरकवून बघा, हाड टेकत नाही ना. पोटरीखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. टाचेखाली पाण्याने भरलेले ग्लोव्हज किंवा बुडाखाली रिंग मुळीच नको.

भरवायला पलंगाची डोक्याकडची बाजू उचलावीच लागते, पण आधी गुडघ्यांकडची थोडी उचला. नाहीतर माणूस खाली घसरतो, कातडी चादरीला धरून राहते, हाड मात्र पुढे सरकतं. वर घेताना काखेत हात घालून ओढू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी उचला.

खुर्चीत बसवलं की घरचे खूश होतात आणि तासन्‌तास तसंच ठेवतात. बसल्यावर सगळा भार थोड्याशा जागेवर येतो, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकवा. आयसीयूत तर ऑक्सिजनच्या मास्कने नाकाच्या कण्यावर आणि नळीने कानामागेही व्रण पडतात. रुग्णालयातून निघण्यापूर्वी ड्यूटीवरच्या सिस्टरांसोबत वडिलांची पाठ, खुबे, टाचा नीट पाहून घ्या आणि ब्रेडन स्कोअर, म्हणजे बेडसोअरचा धोका किती ते सांगणारे गुण, विचारा. तो ६ ते २३ असतो. १८ किंवा कमी म्हणजे धोका आहे.

घरी रोज स्पंजिंगच्या वेळी बघा. लाल जागा बोटाने दाबून सोडा. क्षणभरही फिकी पडली नाही तर ती बेडसोअरची पहिली पायरी समजा. सावळ्या कातडीवर लाली लपते. तिथे हाताची पालथी बाजू लावा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं का बघा. अशा जागी चोळायचं नाही, तेलही नाही. तिच्यावर भार येऊ द्यायचा नाही, बस्स.

डायपर ओला झाला की लगेच बदला, पुसून झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा. किडनीचा त्रास नसेल तर दर किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत.

गादीचं प्रेशर वडिलांच्या वजनाप्रमाणे लावा आणि वर चादरींच्या घड्या रचू नका, हवेच्या कप्प्यांचा उपयोगच राहत नाही. कातडी फुटली, फोड आला किंवा जांभळा-काळा डाग दिसला तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.