पडला तरी जिंकला कसा? फिगर स्केटिंगच्या गुणांबद्दल वाचकांचे प्रश्न

पुरुषांच्या फिगर स्केटिंगची मोठी स्पर्धा झाली की आमच्याकडच्या पत्रांत कौतुक कमी आणि तक्रारी जास्त असतात. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : २०१३ च्या जागतिक स्पर्धेची चित्रफीत पाहिली. कॅनडाचा पॅट्रिक चॅन फ्री स्केटमध्ये दोनदा पडला, कझाकस्तानचा डेनिस टेन सुरेख खेळला, तरी सुवर्ण चॅनला. स्पर्धाही कॅनडातच! हे झुकतं माप नाही तर काय? (ठाणे)

चॅनच्या गुणांवर चाहते इतके वैतागले होते की त्यांनी ‘चॅनफ्लेशन’ (चॅन अधिक इन्फ्लेशन, म्हणजे फुगवलेले गुण) असा शब्दच पाडला होता. पण आधी बेरीज बघू. स्पर्धा दोन फेऱ्यांची असते, आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम आणि मग लांब फ्री स्केट; दोन्हींच्या बेरजेवर निकाल लागतो. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये चॅन ९८.३७, टेन ९१.५६, म्हणजे चॅनकडे ६.८१ ची आघाडी. फ्री स्केटमध्ये टेन १७४.९२, चॅन १६९.४१; टेनने ५.५१ भरून काढले. उरले १.३०, आणि तेवढ्यावर सुवर्ण गेलं. म्हणजे फ्री स्केट टेननेच जिंकला होता. पडल्याची शिक्षा चॅनला झालीच, ती पुरेशी होती का एवढाच वाद आहे.

आमच्या मते नव्हती, आणि खोट नियमात होती. स्केटर पडला की दोन जागी कापाकापी होते : त्या उडीचे सफाईचे गुण (हे उणे ५ ते अधिक ५ असे देतात) तळाला जातात आणि एकूण गुणांतून आणखी एक वजा होतो. (आता तिसऱ्यांदा पडलं की दोन वजा होतात.) पण उड्या-गिरक्यांच्या तांत्रिक गुणांखेरीज गुणपत्रिकेचा दुसरा भाग, ज्याला कंपोनंट म्हणतात, त्यात बर्फावरचा ताबा, रचना, सादरीकरण असं सगळं येतं. तिथे पडल्याचं काय करायचं हे तेव्हा बरंचसं जजच्या मनावर होतं. चॅनचा वेग आणि पात्याच्या कडेवरची पकड अशी होती की पडल्यावरही ते आकडे फारसे हलत नसत. आता गंभीर चूक झालेल्या प्रोग्रॅमला कंपोनंटमध्ये पैकीच्या पैकी देता येत नाहीत.

प्रश्न : पडद्याच्या कोपऱ्यात तांत्रिक गुण आधी जास्त दिसले आणि निकालात सहा गुण कमी झाले. मध्ये कोणी ढवळाढवळ केली? (सांगली)

कोणी नाही. तो चालता आकडा कच्चा असतो. शंका असलेल्या उड्या टेक्निकल पॅनेल (जजहून वेगळे तपासनीस, त्यांच्याबद्दल पुढे) प्रोग्रॅम संपल्यावर पुन्हा बघतं. स्केटर आणि कोच बाकावर ताटकळत असतात तो वेळ बराचसा याच कामात जातो. दोन क्वाडची, म्हणजे हवेत चार फेऱ्या घ्यायच्या उड्यांची, फिरकी अपुरी ठरली तरी सहा गुण सहज जातात.

प्रश्न : बीजिंग ऑलिंपिकमध्ये युझुरू हान्यूने क्वाड ॲक्सलचा प्रयत्न केला. एवढं धाडस करून त्याला नेमके किती मिळाले? (नाशिक)

जपानच्या हान्यूच्या गुणपत्रिकेतली ती एक ओळ उलगडून बघण्यासारखी आहे. ॲक्सल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतात, त्यामुळे ‘क्वाड’मध्ये हवेत साडेचार फेऱ्या लागतात. तिचा मूळ भाव १२.५०. पॅनेलने फिरकी पाव फेरीहून जास्त पण अर्ध्या फेरीहून कमी अपुरी ठरवली, म्हणून भाव ८० टक्क्यांवर, म्हणजे १०.०० वर आला. तो पडला, सफाईला उणे ५ पडले. सफाईची प्रत्येक पायरी त्या भावाच्या १० टक्के, म्हणून ५.०० वजा. राहिले ५.००, त्यातून पडल्याचा एक गेला : हातात ४. साध्या ट्रिपल ॲक्सलचा मूळ भाव ८.००. फिरकी अर्धी फेरी किंवा त्याहूनही जास्त अपुरी राहिली असती, तर तिला ट्रिपलचाच भाव मिळाला असता. जोखमीला भाव नाही असं चाहते म्हणतात, ते या ओळीपुरतं खरं आहे.

हे फिरकीचं ठरवणारे लोक म्हणजे जज नव्हेत. क्रिकेटमधला थर्ड अंपायर समजा : टेक्निकल कंट्रोलर आणि दोन स्पेशालिस्ट. जजना तो निर्णय फिरवता येत नाही, ते फक्त सफाई आणि कंपोनंट देतात. नेमकी पाव फेरी कमी असेल तर पत्रिकेत ‘क्यू’ लागतो. भाव पूर्ण राहतो, सफाईचे गुण मात्र घटतात. चाहते मोबाइलवर चित्र थांबवून पुरावे दाखवतात. त्यात घोळ असा की पात्याचं टोक बर्फाला टेकतं तो क्षण धरायचा असतो, आणि थांबवलेलं चित्र बहुधा त्याच्या जरा पुढचं असतं, तोवर पाय बर्फावरच फिरलेला असतो. शिवाय कॅमेरा तिरका असेल तर पाव फेरी लहानमोठी दिसते. ही दुसरी अडचण पॅनेललाही चुकलेली नाही.

प्रश्न : एक जज आपल्या देशाच्या खेळाडूला किती वर चढवू शकतो? (पणजी)

मोठ्या स्पर्धेत नऊ जज असतात. प्रत्येक घटकाचा (म्हणजे उडी, गिरकी अशा एकेका करामतीचा) एक सर्वोच्च आणि एक नीचतम आकडा टाकून उरलेल्या सातांची सरासरी घेतात. समजा, क्वाड लुट्झ या उडीला (मूळ भाव ११.५०) सफाईचे आकडे आले : ३, ३, २, ३, ४, ३, ५, ३, २. त्यातला ५ आणि दोनपैकी एक २ गेला. सातांची बेरीज २१, सरासरी ३, म्हणजे ३.४५ गुण. आता तो पाच देणारा जज प्रामाणिक होता आणि त्याने ३ दिले असं धरा. मग ४ आणि एक २ गळतो, बेरीज २०, गुण ३.२९. फरक ०.१६ चा.

दाणाभर वाटतो ना? पण फ्री स्केटमध्ये असे १२ घटक असतात. प्रत्येकात इतकीच ओढ बसली तर एक गुणाच्या आसपास जातं, कंपोनंटमधलं वेगळं. वर चॅन १.३० ने जिंकला हे आठवा. म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेत आपल्याच देशाच्या जिन बोयांगला वाढीव गुण दिल्याबद्दल चीनच्या एका जजवर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने दोन वर्षांची बंदी घातली होती. २०१६ पर्यंत कोणता आकडा कोणत्या जजचा हे पत्रिकेत कळतच नसे. नावं आली आणि असले हिशेब कोणालाही मांडता येऊ लागले.

प्रश्न : व्हँकुव्हरला क्वाड मारणारा प्लुशेंको हरला आणि क्वाड न मारणारा लायसाचेक जिंकला. हे कसं? (पुणे)

२०१० च्या त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या लायसाचेकचे एकूण २५७.६७, रशियाच्या प्लुशेंकोचे २५६.३६. फ्री स्केटचे कंपोनंट दोघांना सारखेच : ८२.८०. तांत्रिक गुणांत लायसाचेक ८४.५७, प्लुशेंको ८२.७१. उत्तरार्धातल्या उड्यांना तेव्हा १० टक्के जास्त मिळत. लायसाचेकने आठपैकी पाच तिकडे ठेवल्या, प्लुशेंकोने ताजेपणी बहुतेक उरकून घेतल्या. त्यात क्वाडचा भावही तेव्हा कमी होता, पुढच्याच हंगामात तो वाढवला गेला. आता ही बक्षिसी फ्री स्केटमधल्या शेवटच्या तीनच उड्यांना मिळते; पत्रिकेत त्या ओळीवर फुलीचं चिन्ह असतं.

प्रश्न : प्रेक्षक बर्फावर खेळणी फेकतात त्याचा गुणांवर परिणाम होतो का? (कोल्हापूर)

नाही. हान्यूसाठी तर पिवळ्या अस्वलांचा पाऊस पडायचा. फक्त वस्तू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली हवी. सुटी पाकळी किंवा केसाळ धागा बर्फावर राहिला आणि पुढच्या स्केटरचं पातं त्यावर अडकलं, तर गुण त्याचे जातात.