व्हाइट हाऊसमधल्या कुजबुजीवर किती विश्वास ठेवावा?

प्रश्न : डोनाल्ड ट्रम्प यांच्या कारभाराविषयी 'नाव न सांगण्याच्या अटीवर' दिलेल्या बातम्यांचा सतत मारा होत असतो. कुजबुज आपल्या मंत्रालयातही चालते, पण तिथल्याइतकी नाही. त्यांतले खरे किती मानावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : मंत्रालयातला सचिव सरकार बदलले तर फार तर दुसऱ्या खात्यात जातो, त्याची नोकरी शाबूत राहते. वॉशिंग्टनमध्ये मात्र सुमारे ४,००० पदे राजकीय नेमणुकीची असतात आणि त्यांवरील बहुतेकांना अध्यक्षांच्या मर्जीखेरीज दुसरा आधार नसतो. त्यातच ट्रम्प दूरचित्रवाणीवरील बातम्या आवर्जून पाहतात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याविषयी त्यांचे कान भरायचे असतील, तर त्यांच्या दालनापेक्षा बातमीदाराचा रस्ता जवळचा ठरतो. म्हणजे बातमी फुटते ती बहुधा कोणाच्या तरी सोयीने.

जुलै २०१७ मधले अकरा दिवस पाहावेत. २१ तारखेला अँथनी स्कारामुची यांची संपर्क संचालक म्हणून नेमणूक जाहीर झाली आणि त्याच दिवशी प्रसिद्धी सचिव शॉन स्पायसर यांनी राजीनामा दिला. पुढच्या काही दिवसांत स्कारामुची यांनी एका पत्रकाराशी फोनवर बोलताना, बातम्या फोडण्याचा ठपका ठेवत, व्हाइट हाऊसचे मुख्याधिकारी (चीफ ऑफ स्टाफ) राइन्स प्रीबस यांचा अत्यंत शिवराळ भाषेत उद्धार केला, आणि ते संभाषण २७ तारखेला छापून आले. दुसऱ्याच दिवशी प्रीबस यांच्या जागी जॉन केली येत असल्याचे ट्रम्प यांनी ट्विटरवर जाहीर केले. ३१ तारखेला केली यांनी सूत्रे हाती घेतली आणि स्कारामुची यांनाही घरी पाठवले. यात ऐकीव काहीच नाही; नावे, तारखा आणि शब्द सगळे उघड आहेत. या कारभाराची पडझड समजून घ्यायला निनावी सूत्रांची गरज फारशी पडत नाही, असे माझे मत त्यामुळेच झाले आहे.

निनावी सूत्र खोटेच असते, असेही नव्हे. ५ सप्टेंबर २०१८ रोजी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने एका 'ज्येष्ठ अधिकाऱ्या'चा निनावी लेख छापला, तेव्हा थेट उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यापर्यंत तर्क लढवले गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये लेखकाने स्वतःच नाव सांगितले : माइल्स टेलर, अंतर्गत सुरक्षा खात्यातील, लेख लिहिताना मंत्रिपदाच्या बऱ्याच खालच्या पायरीवरचे अधिकारी. माणूस खरा होता, वाचकांनी त्याची उंची मात्र मनाने वाढवली होती. म्हणून बातमी वाचताना सांगणारा त्या खोलीत स्वतः होता की त्याने दुसऱ्याकडून ऐकले, आणि ती छापून आल्याने कोणाची खुर्ची हलते, एवढे आधी पाहावे.

प्रश्न : मग मार्च २०२५ मधले 'सिग्नल' प्रकरणही अशीच फोडलेली बातमी होती का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : नाही, तो निव्वळ गलथानपणा होता. 'सिग्नल' या संदेशांच्या अ‍ॅपवर येमेनमधील अमेरिकी हल्ल्यांची चर्चा चाललेल्या गटात सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांच्याकडून 'द अटलांटिक'चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग सामील केले गेले आणि त्यांनी ते प्रसिद्ध केले. वॉल्ट्झ यांना १ मे रोजी पदावरून दूर करण्यात आले आणि त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांतील राजदूतपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. मंत्रालयात अशा बदलीला काय म्हणतात, ते गिरगावकरांना मी सांगायला नको.